संत्रं, चीज आणि ओटीजी : पाहुण्यांसाठीच्या गरम स्टार्टरचा धागा

धंतोलीची_भट्टी

फळ आणि चीज एकत्र बेक करायचं म्हटलं की लोक अंजीर नाहीतर सफरचंदाकडे वळतात. नागपुरात डिसेंबरात घरात संत्र्यांची पेटी पडलेली असते, पण तिला कुणी हात लावत नाही, कारण 'पाणी सुटतं' आणि 'कडू होतं'. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही टाळता येतात. म्हणून हा वेगळा धागा.

मुख्य मुद्दा एवढाच: संत्रं कच्चं घालायचं नाही आणि सुरुवातीपासून भट्टीत, म्हणजे ओटीजीत (विजेवरची छोटी घरगुती भट्टी), ठेवायचं नाही. फोडीत साधारण ८५ टक्के पाणी असतं. आच लागली की पापुद्रा फुटतो, रस खारीच्या थरांत उतरतो आणि थर सुटण्याऐवजी एकमेकांना चिकटतात. तेव्हा आधी घट्ट मुरंबा करा, खारीच्या वाट्या अर्ध्याअधिक भाजा, त्यात चीज घाला आणि मुरंबा अगदी शेवटी.

मुरंबा असा: मध्यम आकाराची ६ संत्री, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. फोडींचे पापुद्रे, धागे, बिया काढून ४०० ते ४५० ग्रॅम गर मिळतो. साखर १५० ग्रॅम, एक लहान सफरचंद किसून, दोन चमचे लिंबाचा रस, चमचाभर आल्याचे बारीक काप, चिमूटभर मीठ. पसरट स्टीलची कढई घ्या. लोखंडी किंवा कल्हई नसलेली पितळी नको, आंबट पदार्थाला धातूची चव लागते. मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं. सफरचंद चवीसाठी नाही, पेक्टिनसाठी, म्हणजे मुरंबा घट्ट करणाऱ्या फळातल्या द्रव्यासाठी आहे. संत्र्याच्या नुसत्या गराला घट्टपणा कमी, मग तो आणायला जास्त आटवावं लागतं आणि तोवर वास उडून जातो. फ्रिजरमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोट फिरवा. वाट तशीच राहिली की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०४-१०५ अंश. साधारण ३०० ग्रॅम होतो, २४ वाट्यांना १०० ग्रॅम पुरतो.

वाट्या: खारीची कच्ची शीट ३ मिमी जाडीची, २४ बाय ३६ सेंमी, वजनाने साधारण ३०० ग्रॅम. ६ सेंमीचे चौकोन कापले की बरोबर २४ होतात. करंजीचं कातणं इथे नको, ते कडा दाबून टाकतं आणि दाबलेली कड फुलत नाही. धारदार सुरी सरळ खाली दाबून कापा, ओढू नका. छोट्या मफिन ट्रेमध्ये चौकोन बसवा, तळाला काट्याने चार-पाच टोचे मारा, ट्रे १५ मिनिटं फ्रिजमध्ये. मग २०० अंशांवर ९-१० मिनिटं रिकाम्याच भाजा. मधला भाग तरी फुगतोच, चमच्याच्या पाठीने दाबून खड्डा करा. प्रत्येकी ८ ग्रॅम चीज, १९० अंशांवर ५ मिनिटं. बाहेर काढून अर्धा चमचा मुरंबा आणि भाजलेल्या अक्रोडाचा तुकडा, परत २ मिनिटं. झालं.

कळमना_गाळा

मुरंब्याचं प्रमाण बरोबर आहे जी, पण संत्रं कोणतं ते लिहिलं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर जे येतं ते आंबिया बहाराचं (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम), त्याला आंबटपणा जास्त. फेब्रुवारी-मार्चचा मृग बहार गोड. चीज खारट आणि स्निग्ध असतं, त्याला आंबियाच लागतो. मृगाचं संत्रं घेतलं तर साखर १५० वरून ११०-१२० वर आणा आणि लिंबू दुप्पट करा, नाहीतर मुरंबा नुसता गोडमिट्ट लागतो. फक्त साखर कमी केली की तो थोडा जास्त आटवावा लागतो आणि टिकतोही कमी, आठवडाभरात संपवा.

आणि जानेवारीनंतर बाजारात किन्नो शिरतो, म्हणजे संत्र्यासारखंच दिसणारं संकरित फळ. साल चकचकीत, घट्ट चिकटलेली, बिया भरपूर. दिसायला देखणा म्हणून लोक उचलतात. त्याचा रस ठेवल्यावर कडवटतो. आपल्या संत्र्याची साल सैल आणि जराशी खडबडीत असते, ती बघून घ्या. आंबियाचं फळ थोडं हिरवट असलं तरी आतून पिकलेलं असू शकतं; रंगापेक्षा हातात वजन बघा. हलकं लागलं तर आत फोडी सुकलेल्या.

रेणू_रामदासपेठ

कडवटपणाबद्दल जरा सविस्तर लिहा ना. गर मिक्सरमधून काढला तर वेळ वाचेल असं वाटतं. शिवाय किसलेली साल घालायची की नाही?

धंतोलीची_भट्टी

रेणूताई, मिक्सर नको. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते जिभेला कडू लागत नाही. पेशी फुटून ते आंबट रसात आलं की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते कडू असतं. आच दिली की हे काम झपाट्याने होतं. म्हणून मिक्सरमधला रस प्यायला गोड लागतो आणि त्याच रसाचा मुरंबा दुसऱ्या दिवशी कडू निघतो. बिया फुटू द्यायच्या नाहीत आणि पापुद्रे शिजवायचे नाहीत, एवढं पाळलं की प्रश्न मिटतो.

साल घाला, पण फक्त वरचा केशरी भाग, दोन फळांचा, आणि मुरंबा उतरवायच्या दोन मिनिटं आधी. फळ सोलायच्या आधी किसा. सैल सालीचं संत्रं किसणीखाली दबतं, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ताठ करून घ्या आणि किसणी फळावरून फिरवा, फळ किसणीवरून नाही.

ओटीजीवाली_मावशी

सगळे २०० अंश, १९० अंश लिहितात. ओटीजीच्या बटणावर २०० असलं म्हणजे आत २०० असेलच असं नाही, १५-२० अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. प्रीहीट, म्हणजे रिकामा ओटीजी आधी तापवणं, १२ ते १५ मिनिटं, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. खारीला सुरुवातीची आच जोरदार लागते. थरांमधलं पाणी एकदम वाफ झालं तरच ती फुलते. आच मंद असेल तर वाफ व्हायच्या आधीच लोणी किंवा मार्गारीन वितळून ट्रेमध्ये येतं आणि वाट्या तळल्यासारख्या चपट्या होतात. ट्रेमध्ये तूप साचलेलं दिसलं तर दोष शीटचा नसतो, प्रीहीटचा असतो.

१५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून चालवू नका, पॉवर पॉइंटवरच लावा. पार्टीच्या दिवशी त्याच बोर्डावर गीझर किंवा मायक्रोवेव्ह नको.

बजाजनगर_बेकर

चीजबद्दल मी लिहितो, कारण अर्धा खेळ तिथे आहे.

ब्री किंवा कॅमेम्बर्ट: पांढऱ्या मऊ सालीचं फ्रेंच पद्धतीचं चीज. या पदार्थाला सर्वांत योग्य, आतून वाहतं आणि मुरंब्याच्या आंबट-गोडाला धरून राहतं. साल काढायची नाही, ती खातात. बोटाने मध्यभागी दाबून बघा: कडेइतकंच मऊ लागलं तर तयार, मध्यभाग खडूसारखा कडक असेल तर ते कच्चं आहे, कितीही भाजा, वाहणार नाही. अमोनियाचा झणका येत असेल तर ते उतरलेलं. काही कारखानदारी ब्री मुद्दाम स्थिर केलेलं असतं, म्हणजे जास्त दिवस टिकतं पण वितळल्यावरही लादीसारखं उभं राहतं. वाट्यांसाठी ते उलट बरं पडतं, सांडत नाही.

गौडा: इथे सहज मिळतं आणि चांगलं चालतं. जास्त तापलं की प्रथिनं आकसतात आणि तेल बाहेर ढकलतात. किसून, १०० ग्रॅमला एक चमचा कॉर्नफ्लोअर चोळून घातलं तर तेल सुटणं बरंच कमी होतं.

प्रोसेस्ड चीजचा ब्लॉक: यात घातलेल्या क्षारांमुळे तेल आणि पाणी वेगळं होत नाही, पण ते वाहतही नाही. मीठ जास्त असतं, तेव्हा मुरंब्यातलं मीठ वगळा. नुसतं नको, १२० ग्रॅम किसून ८० ग्रॅम क्रीम चीजमध्ये फेटून घ्या. दिसायला साधं, पण मुलं हेच आधी उचलतात.

मोझरेला टाळा. त्यातून पाणी सुटतं, मीठ कमी, आणि गार होताच रबरासारखं ओढलं जातं. हातात घेऊन एका घासात खायच्या पदार्थाला लांब तार म्हणजे गैरसोय.

पनीर: नुसतं पनीर वितळत नाही. दूध उकळून मग आंबट घालून फाडतात, त्यात कॅल्शिअम पाण्याबरोबर निघून जातं आणि व्हे प्रथिनं (एरवी निवळीत जाणारी) उकळतानाच केसिनला, म्हणजे दुधाच्या मुख्य प्रथिनाला, चिकटलेली असतात. भट्टीत ते फक्त कोरडं पडतं. वापरायचंच असेल तर १०० ग्रॅम ताजं मऊ पनीर, ६० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, दोन मोठे चमचे साय आणि मिरपूड मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा. हे सारण कधीच सांडत नाही.

शुद्ध_शाकाहारी_इतवारी

रेनेटचा विचार केला का कोणी? घरी येणारे पाहुणे अंडंसुद्धा न खाणारे असतात.

बजाजनगर_बेकर

चांगला प्रश्न. दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं चीज शाकाहारी नाही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर निर्धास्त घ्या, त्यात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. आयात केलेल्या चीजवर चिकटवलेलं लेबल नीट वाचा. पार्मेजानो रेजानो हे इटालियन कडक चीज तर परंपरेने वासराच्या रेनेटनेच होतं, ते शाकाहारी ताटात नको. खारीची शीटही विचारून घ्या. चमकेसाठी अंड्याऐवजी दोन चमचे दुधात एक चमचा साय आणि चिमूटभर साखर. रंग अंड्याइतका गडद येत नाही, पण तांबूस येतो. ब्रश कापलेल्या कडांवर फिरवू नका, थर चिकटतात.

खामला_९०

सावजी मसाला भुरभुरला तर? नागपूरचं स्टार्टर म्हणायचं आणि तिखट नाही, हे काही पटून नाही राहिलं.

कळमना_गाळा

काहून त्या ब्रीचा जीव घेता बाप्पा. सावजी मसाल्यातल्या दगडफूल-लवंगेपुढे चीज कुठं लागतं? तिखटच पाहिजे तर मुरंब्यातच एक हिरवी मिरची चिरून शिजवा, बिया काढून.

धंतोलीची_भट्टी

मसाला घालायचाच तर अक्रोडावर. अर्धी वाटी अक्रोड, एक चमचा साखर, एक चमचा पाणी, सावजी मसाला पाव चमच्याच्याही निम्मा. पाक आटून साखर अक्रोडाला चिकटेपर्यंत परतायचं, मग १५० अंशांवर ८ मिनिटं. वर एकच तुकडा असतो, तेवढ्यात झटका येतो आणि चीज शिल्लक राहतं. खामलाकरांची सोय झाली.

मैथिली_के

वाट्या करायला वेळ नाही. अख्खं ब्री भाजून मध्ये ठेवायचं असेल तर?

बजाजनगर_बेकर

सोपं आहे. १२५ ग्रॅमची चकती चौघा-पाचांना पुरते. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. वरच्या सालीवर सुरीने चौकटी मारा, अर्धा सेंमी खोल. चकतीपेक्षा जेमतेम मोठ्या, कड असलेल्या सिरॅमिकच्या भांड्यात ठेवा. सपाट ट्रेवर फुटली तर सगळं पसरतं. १८० अंशांवर १० ते १४ मिनिटं. बोटाने दाबल्यावर डुलली की काढा. जास्त ठेवली तर आतलं चीज आधी वाहतं आणि मग पुन्हा घट्ट, रवाळ होतं. वर दोन मोठे चमचे मुरंबा कोमट करून. फ्रान्समध्ये कॅमेम्बर्ट त्याच्या लाकडी डबीतच भाजतात. तशी डबी मिळाली तर आतला कागद आणि वरचं प्लॅस्टिक काढा आणि डबी पिनांनी जोडलेली आहे का बघा, गोंदाने चिकटवलेली भट्टीत उकलते.

१५-२० मिनिटांत चीज परत बसतं. म्हणून सगळे पाहुणे येऊन टेकल्यावरच ओटीजीत घाला. बरोबर भाजलेल्या ब्रेडचे पातळ काप, खारी किंवा खारे शंकरपाळे. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर कडक करून तोडलेली, हे तर क्रॅकरपेक्षा सरस.

मैथिली_के

आणि तेच खारीच्या शीटमध्ये गुंडाळून? फोटोंत फार सुंदर दिसतं, पण कापायच्या आधीच फुटतं असं सगळे म्हणतात.

बजाजनगर_बेकर

फुटतं ते तीन ठिकाणी. एक, घडीचे कोपरे: चारही टोकं मध्यावर आणली की तिथे गोळा होतो आणि बाजूला शीट ताणून पातळ पडते. जादाचे कोपरे कापून टाका, घडी एकमेकांवर दोन सेंमी येऊ द्या, पाण्याचं बोट लावून चिकटवा आणि जोड खाली ठेवा. दोन, चीज कोमट असणं: गुंडाळण्याआधी चकती २०-३० मिनिटं फ्रिजरमध्ये, म्हणजे खारीचं कवच तयार होईपर्यंत आतलं वितळत नाही. तीन, वाफ: वर एक छोटं भोक पाडा, नाहीतर ती स्वतःची वाट काढते. मुरंबा एक चमचाच, तोही चीजच्या वर. उरलेला वाटीत बाजूला. गुंडाळल्यावर २० मिनिटं फ्रिजमध्ये, मग २०० अंशांवर २२ ते २५ मिनिटं, गडद तांबूस होईपर्यंत. फिकट सोनेरीवर काढलं की तळ कच्चा राहतो. ट्रे आधीच तापलेला हवा आणि खालच्या खणात. बाहेर काढून १० मिनिटं थांबा. लगेच सुरी घातली तर सगळं चीज ताटात.

रेणू_रामदासपेठ

खारीची शीट बेकरीवाले देतात का? की फ्रोझनच घ्यावी?

ओटीजीवाली_मावशी

ओळखीच्या बेकरीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बरेच जण कच्ची शीट लाटून देतात. तीन मिमी सांगा, नाहीतर खारीच्या जाडीची मिळेल आणि वाटीत मावणार नाही. तिच्यात बहुधा मार्गारीन असतं: फुलते छान, पण गार झाल्यावर टाळूला चिकटते, म्हणून गरमच वाढायची. फ्रोझनमध्ये लोण्याची मिळाली तर चव वरचढ. ती ओट्यावर नाही, फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्या.

डिसेंबरात हे सगळं आरामात होतं. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, लोण्याची शीट पोळपाटावर पाच मिनिटांत लिबलिबीत होते. तेव्हा पहाटे वाट्या बसवून ट्रेसकट फ्रिजरमध्ये टाका, किंवा मार्गारीनचीच घ्या, तिचा स्निग्धांश बराच वरच्या तापमानाला वितळतो.

खामला_९०

उन्हाळ्यात संत्रं कुठून आणायचं?

कळमना_गाळा

आणू नका. शीतगृहातलं महागडं आणि नीरस. सुकं अंजीर घ्या: १०० ग्रॅम बारीक चिरून दीडशे मिली पाण्यात, एक लिंबू पिळून, १२-१५ मिनिटं मंद आचेवर. अंजीर स्वतःच घट्ट होतं, साखर लागत नाही. हिवाळ्यात पाण्याऐवजी संत्र्याचा ताजा हातपिळा रस घातला तर मुरंबा करायची यातायातच वाचते, फक्त रस बियांसकट चेचू नका. पिकलेला पेरूही चालतो, पण आधी वेगळा भाजून, गाळून. पेरूच्या बिया चीजमध्ये दाताखाली आल्या की मजा जाते.

शुद्ध_शाकाहारी_इतवारी

साखरेऐवजी गूळ?

धंतोलीची_भट्टी

चालेल, पण संत्र्याचा वास गुळाखाली झाकला जातो आणि रंग तपकिरी होतो. अंजिराबरोबर गूळ शोभतो. संत्र्याला साखरच.

मैथिली_के

पंधरा लोक, रात्री आठला. किती आणि कधी करायचं? ताज्या फोडी वर लावल्या तर दिसायला बरं नाही का?

धंतोलीची_भट्टी

पुढे जेवण असेल तर माणशी ३ वाट्या, म्हणजे ४५. दोन घाणे करा, ४८ होतील. चीज ४०० ग्रॅम, मुरंबा २०० ग्रॅम, शीट ६०० ग्रॅम. मुरंबा चार-पाच दिवस आधी करून कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये. पूर्ण साखरेचा तीन आठवडे सहज राहतो. वाट्या आदल्या दिवशी कच्च्या बसवून फ्रिजरमध्ये झाकून ठेवा, भाजताना वितळवू नका, फक्त ३-४ मिनिटं जास्त द्या. संध्याकाळी साडेसहाला रिकाम्या भाजून घ्या. ऐन वेळी चीज आणि मुरंब्याची सात मिनिटंच उरतात. उरलेल्या १६० अंशांवर ५ मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये खारी लोळागोळा होते.

ताजी फोड लावा, पण बाहेर काढल्यावर. पापुद्रा काढलेल्या फोडी टिश्यूवर २० मिनिटं पसरून ठेवा आणि ताट उचलायच्या क्षणी ठेवा. दहा मिनिटांत संपतील एवढ्याच वाट्यांवर, उरलेल्यांना नुसता मुरंबा.

ओटीजीवाली_मावशी

दोन ट्रे एकदम वर-खाली लावू नका. लहान ओटीजीत वरचा करपतो आणि खालचा पांढरा राहतो. एकामागून एक लावा, आणि पहिला ट्रे निघाल्यावर ओटीजी पाच मिनिटं रिकामा तापू द्या, दार उघडल्याने आच उतरलेली असते. दुसरा घाणा तोवर फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.